शिल्लक दिवस

“तुमचे दिवस संपलेत,” काचेमागची बाई म्हणाली आणि तिने पासपोर्ट फटीतून बाहेर सरकवला.

ती तशीच उभी राहिली. हे वाक्य कधी ना कधी आपल्याला ऐकावं लागणार, एवढं तिला माहीत होतं. पण ते हॉस्पिटलात, हलक्या आवाजात, खांद्यावर हात ठेवून कुणीतरी सांगेल अशी तिची समजूत होती. असं शनिवारी भरदुपारी, पुलाच्या तोंडाशी, खांद्याला कपड्यांची पिशवी असताना नव्हे. काचेमागची बाई तरुण होती, कपाळावर आलेली बट फुंकरीने उडवत होती, आणि काही वाईट सांगितल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. “कसले दिवस?” तिने विचारलं. “तिकडे राहायचे,” बाई म्हणाली. “सहामाहीत जेवढे दिवस राहायची मुभा आहे तेवढे तुमचे राहून झाले. पुढची सहामाही लागली की या.” “पण मी फक्त शनिवार-रविवार जाते.” “आणि सोमवारी सकाळी परत येता. तोही दिवस धरतात. अर्धा दिवस मशीनला कळत नाही.” हे तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, जणू मशीन हे घरातलं एखादं हेकट म्हातारं माणूस होतं आणि त्याच्यापुढे दोघींचंही काही चालण्यासारखं नव्हतं. “माझा नवरा राहतो तिकडे,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला ओशाळल्यासारखं झालं, कारण मागे रांग होती आणि रांगेतल्या कुणीतरी मान वर केली असणार. बाईने स्क्रीनवर नजर टाकली. “हो, दिसतंय इथे. पण म्हणून दिवस वाढत नाहीत.”

परत पाठवलेल्यांसाठी भिंतीला लागून एक बाक टाकला होता. त्यावर आधीच एक म्हातारा बसला होता. त्याच्या बोटांचे ठसे मशीनला लागत नव्हते आणि तो एकेक बोट धोतराला पुसून पुन्हा पुन्हा बघत होता, चूक बोटांची असल्यासारखा. ती बाकावर टेकली तशी तिच्या शेजारी बटणवाली येऊन बसली. ही बाई पलीकडच्या शिंप्यांना बटणं आणि हुक पुरवायची, आणि कित्येक वर्षं दोघींची पुलावर गाठ पडत आली होती. तिला सोडलं होतं, पण बटणांचा डबा उघडून तपासायला घेतला होता. “पूल आहे तिथेच आहे,” बटणवाली म्हणाली, “पण चालायची चोरी झाली. तुझं काय?” “दिवस संपले.” “अगं बाई,” बटणवाली म्हणाली आणि मग दोघींनाही हसू आलं, थोडं, तोंड दाबून. डबा परत मिळाल्यावर बटणवाली उठली, आणि तिची पाठ पुलाच्या चढावर लहान होत जाताना बघताना तिला प्रथमच कळलं की आपण खरंच मागे राहिलोय.

वर्षभरापूर्वी इथे काच नव्हती. एक छपरी होती, छपरीत खुर्ची आणि खुर्चीत एक शिपाई. ओळखपत्र दुरून दाखवलं की तो मान हलवायचा, आणि ओळखीच्यांच्या बाबतीत तेही नाही. “निघालात का सासरी?” एवढंच विचारायचा. हा त्याचा विनोद होता आणि तो त्याने इतक्यांदा केला होता की त्यात आपलेपणाशिवाय काहीच उरलं नव्हतं. विनोद होता कारण तिचं सगळंच उलटं होतं. बायका सासरी राबतात आणि चार दिवस विसाव्याला माहेरी जातात. ती माहेरी राहून राबत होती आणि विसाव्याला सासरी जात होती. लग्नच मुळी चाळिशी ओलांडल्यावर झालं. ती दातांच्या कवळ्या बनवायची, डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यांवरून, एका तळमजल्यावरच्या लॅबमध्ये, जिथल्या एकुलत्या खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. त्या खिडकीत ठेवायला काहीतरी हिरवं हवं म्हणून ती एकदा पलीकडच्या रोपवाटिकेत गेली होती. तिथल्या माणसाने तिने पसंत केलेलं रोप द्यायला साफ नकार दिला. “खिडकी कुठल्या दिशेला आहे?” त्याने विचारलं. तिला सांगता येईना. “मग बघून या. हे तिथे जगणार नसेल तर मी नाही देणार.” ती परत आली, सकाळी ऊन कुठून येतं ते बघितलं, आणि पुढच्या शनिवारी उत्तर सांगायला पुन्हा पूल ओलांडून गेली. तेव्हा एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर द्यायला माणूस दुसऱ्या देशात जाऊ शकत होता. त्याने मग तिला दुसरंच एक रोप दिलं, ते कसं सांभाळायचं ते सांगितलं, आणि सांगताना त्याच्या बोटांना लागलेली माती तो अंगठ्याने सावकाश काढत होता. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली होती. दिवसभर मेण आणि प्लास्टरात काम करणाऱ्या बाईला कुणाच्या तरी हातांना ओलावा आहे एवढंही पुरेसं वाटू शकतं.

तिने बाकावरूनच फोन लावला. “नाही सोडलं,” ती म्हणाली. “का?” “दिवस संपले म्हणे.” “कुणाचे?” “माझे, कुणाचे असणार?” पलीकडे पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता, तो आवाज थांबला. म्हणजे त्याने नळ बंद केला, म्हणजे तो ऐकतोय. “मग आता?” त्याने विचारलं. “पुढची सहामाही.” “म्हणजे दीड महिन्याने.” “हो.” ती थांबली. एक अगदी सोपं वाक्य बाकी होतं, दोन शब्दांचं, आणि ते त्याने म्हणायचं होतं. ती वाट बघत राहिली. शेजारचा म्हातारा बोटांवर फुंकर घालत होता. “बरं,” तो शेवटी म्हणाला, “घरी पोचलीस की कळव.” तिने फोन पर्समध्ये टाकला आणि चेन दोनदा ओढून बघितली, नीट लागली होती तरी.

घराचं दार तिने किल्लीने उघडलं, तर आत बाबा मोठ्याने गात होते. तिने त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि डोळे अधू झाल्यावर ते काम सुटलं असं ती समजत होती. पण जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते, रंगांच्या बाटल्या उघड्या होत्या, आणि एका कागदावर फक्त एकच अक्षर होतं, ‘क्ष’, हातभर मोठं, लाल, शेपटी हवेत सोडलेलं. बाबा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. “तू? आज?” “परत पाठवलं.” “का, भांडण झालं पलीकडच्यांशी?” जावयाला ते पलीकडचेच म्हणायचे. तिने सांगितलं. बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला, पाणी लाल होताना बघितलं. “सासरी जायलाही रजा शिल्लक लागते म्हणजे आता,” ते म्हणाले, आणि मग तिचा चेहरा बघून त्यांनी विनोद आवरता घेतला. “भात एकट्यापुरताच टाकलाय. थांब, वाढवतो.” ती म्हणाली, नको, भूक नाही. टेबल आवरायला ते लगबगीने पुढे झाले, आणि तिला एकदम वाटलं की आपण चुकीच्या दिवशी चुकीच्या घरात शिरलोय. शनिवार हा बाबांचा होता. ती पलीकडे जात होती म्हणून इथे कुणीतरी गात होतं. “राहू द्या ना,” ती म्हणाली, “वाळू दे ते अक्षर.”

रविवार तिला कसा घालवायचा ते कळेना. स्वतःच्या गल्लीतला रविवार तिने वर्षानुवर्षं बघितलाच नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधला एक माणूस गॅलरीत बसून बूट पॉलिश करतो, त्याची बायको त्याला आतून काहीतरी वाचून दाखवते, दुपारी तीन वाजता सगळी गल्ली एकाच वेळी झोपते, हे सगळं तिच्या पाठीमागे इतकी वर्षं चाललं होतं. ती गॅलरीत उभी राहिली. पलीकडे आत्ता काय चाललं असेल ते मात्र तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं: जाळीच्या छपराखालचा हिरवट उजेड, ओल्या गोणपाटाचा वास, काळ्या पिशव्यांमधल्या रोपांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून वाकून चालणारा तो, कलमाच्या जोडावर पट्टी गुंडाळणारा, कधीही घाई नसलेला. ती तिथे जाऊन फार काही करत नव्हती. उलट्या बादलीवर बसायची. तो काम करायचा, ती बसायची, अधूनमधून काहीतरी बोलायची, आणि तिच्या मानेतली आठवडाभराची गाठ सैल होत जायची. ती बादली आज रिकामी आहे हे त्याच्या लक्षात आलं असेल का, की त्याने ती उचलून पाण्याला घेतली असेल? बादलीच ती, पाण्यालाच घेणार.

सोमवारी लॅबमध्ये तिच्यापुढे एका बाईचे जबडे होते, वरचा आणि खालचा, पिवळट प्लास्टरात ओतलेले. या बाईंनी म्हणे कितीतरी वर्षं दातांशिवाय काढली होती, आणि आता नातवाच्या लग्नाच्या निमित्ताने मनावर घेतलं होतं. इतक्या वर्षांत हिरड्या झिजून सपाट झाल्या होत्या. कवळीला धरायला आधारच उरला नव्हता. ती मेण गरम करत होती, दात एकेक करून बसवत होती, वरचा खालच्यावर टेकवून बघत होती, आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझे दिवस संपले, त्याचे सगळे शिल्लक आहेत. हा विचार तिच्या मनात कालपासून दबा धरून होता आणि आता तो उघड उठून बसला. नियम दोघांना सारखाच. जेवढे दिवस तिला तेवढेच त्यालाही इकडे यायला. तिचा एकेक दिवस त्या पुलावर मोजला गेला होता. त्याचा एकही नाही. मशीन कुणाचीच बाजू घेत नव्हतं. जे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते मशीनने स्क्रीनवर दाखवलं एवढंच. जात होती ती. नेहमी तीच. पूल तिच्या पायाखालचा होता. त्याच्या लेखी तो फक्त ती ज्या बाजूने येते ती दिशा होती. मेणाचा थेंब तिच्या बोटावर पडला आणि तिने हात झटकला नाही.

बुधवारी संध्याकाळी तिने हे त्याला सांगितलं. ठरवून नाही, तो नेहमीसारखा कुठल्या तरी रोपाला कळी आल्याचं सांगत होता आणि ती मध्येच म्हणाली, “तुझे सगळे दिवस शिल्लक आहेत.” “कसले?” “इकडे यायचे.” तो हळू म्हणाला, “मला कुठे माहीत होतं.” “माहीत करून घ्यायचंस. इतक्या वर्षांत एकदा तरी वाटलं का तुला, की आपण जावं?” “वाटलं होतं,” तो म्हणाला. “पण तू कधी बोलावलंस?” ती उसळून म्हणाली, “बोलवायचं काय त्यात? बायकोच्या घरी यायला आमंत्रण लागतं?” “मी विचारलं की तू म्हणायचीस, तू कशाला दगदग करतोस, रोपं सुकतील. प्रत्येक वेळी तेच. रोपं काय, शेजारी कुणीही पाणी घालेल. पण तू इतकं ठामपणे म्हणायचीस की मला वाटायचं, आपण येऊ नये अशीच हिची इच्छा आहे.” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. एखाद्या पानावर डाग का पडला ते सांगावं तसं सांगितलं. तिने फोन कानापासून थोडा लांब धरला, जसं काही त्यामुळे ते वाक्यही लांब जाणार होतं.

तो एकदाच आला होता, लग्नाच्या सुमारास. ते तिला आठवलं, आणि इतकं लख्ख आठवलं की ती पलंगावर बसली. तो सोफ्याच्या कडेवर बसला होता, हात गुडघ्यांवर, नवा शर्ट, मानेपाशी कॉलरचा वळ उठलेला. बाबा त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत होते, तो बहिरा असल्यासारखे. तो पाणी पिऊन पेला कुठे ठेवावा ते शोधत होता. आणि ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत असताना तिला वाटलं होतं की रोपवाटिकेतला तो माणूस तिकडेच राहिला आणि हा कुणी दुसराच आला. संध्याकाळी तो गेला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. हो, बरंच वाटलं होतं. तिला तो त्या हिरव्या उजेडातच हवा होता. त्याच्याकडे जाणं म्हणजे या घरापासून लांब जाणं होतं, प्लास्टरच्या धुळीपासून, बाबांच्या औषधांपासून, स्वतःच्या अरुंद पलंगापासून. इकडे तो आला असता तर सुटी कुठे घ्यायची? पूल खुला होता तोवर हे सगळं झाकून राहिलं. कुणी कुणाला काही मागायची वेळच आली नाही. पायाला सवय होती, पाय घेऊन जात होते. आता पाय अडवले गेले होते आणि बाकी सगळ्या गोष्टींना वाचा फुटली होती. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की तिला वाईट वाटत असतानाच आत कुठेतरी मोकळंही वाटत होतं, बंद खोलीची खिडकी उघडावी तसं. त्याला यावंसं वाटलं होतं. त्याने विचारलं होतं. तो फोनवर अजून होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

“ये,” ती म्हणाली.

“काय?”

“ये म्हटलं. शनिवारी.”

मग तो म्हणाला, “बघतो.” त्याचं ‘बघतो’ म्हणजे काय याचा अर्थ इतक्या वर्षांतही तिला पुरता लागला नव्हता. ग्राहकाला तो ‘बघतो’ म्हणायचा तेव्हा बहुतेक वेळा नाहीच असायचं. पण एकदा मरायला टेकलेल्या एका रोपाकडे बघूनही तो ‘बघतो’ म्हणाला होता, आणि ते रोप पुढे छपराला लागलं.

गुरुवारी तिने स्वतःच्या खोलीकडे परक्याच्या नजरेने बघितलं. पलंग एकाचाच होता. कपाटात एक रिकामा हँगर नव्हता. खिडकीखाली लॅबमधून घरी आणलेल्या कामाचं टेबल, त्यावर दातांचे नमुने, छटेनुसार लावलेले, पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत. तिने ते डब्यात भरले. टेबल ओढताना आवाज झाला तसे बाबा आले, दारात थांबले, आणि काही न विचारता टेबलाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. “हे हॉलमध्ये जाऊ दे,” ते म्हणाले, “एका बाजूला तू बस, एका बाजूला मी अक्षरं काढीन.” मग थोड्या वेळाने, टेबल जागेवर लागल्यावर, धाप लागलेली असताना म्हणाले, “मागच्या वेळी मी जरा जास्तच बोललो होतो का गं?” “मोठ्याने बोललात.” “घाबरलो होतो,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, हा तुला घेऊन जायलाच आलाय.” तिने त्यांच्याकडे बघितलं. तिकडची कायमची परवानगी मागायची तर इथला पत्ता सोडावा लागतो, हे तिला माहीत होतं आणि तिने तो विचार कधीच बाजूला ठेवला होता. पण बाबा तो एवढे दिवस एकटेच वागवत होते हे तिला माहीत नव्हतं. “मी नाही जात,” ती म्हणाली. “ते येतील, मग मी जाईन, मग पुन्हा ते. असं आलटून पालटून केलं तर दोघांचे मिळून वर्षभर पुरतात.” हे ती बोलता बोलताच ठरवत होती. बाबांनी मान हलवली, आणि पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी खोलीतली मोकळी झालेली जागा मापली. “मोठा पलंग मावेल,” ते म्हणाले आणि लगेच आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वयंपाकघरात निघून गेले.

शनिवारी सकाळी फोन आला. “मी रांगेत आहे,” तो म्हणाला. मागे गलका होता. “इथे चष्मा काढून कॅमेऱ्यात बघा म्हणतात. चष्मा काढला की मला कॅमेराच दिसत नाही.” ती उभ्या जागी हसली. “पुढे सरका म्हणतायत, ठेवतो,” आणि फोन बंद. मग बराच वेळ काही नाही. तिने दोनदा केस विंचरले. बाबांनी टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. सोडणार नाहीत, तिला वाटलं. काहीतरी निघेल, एखादं बोट लागणार नाही, एखादा शिक्का पुसट असेल, आणि ज्या बाकावर ती बसली होती तशाच तिकडच्या एखाद्या बाकावर तो बसेल, आणि मग मुकाट उठून पाणी घालायला परत जाईल. फोन वाजला. “सोडलं,” तो म्हणाला. “यायचं कारण विचारलं. मी म्हटलं, बायको. काचेमागचा माणूस म्हणाला, ते नातं झालं, कारण सांगा. मी म्हटलं, मग तुम्हीच काहीतरी लिहा.” “काय लिहिलं?” “मला वाचता आलं नाही, चष्मा खिशात होता. पूल संपला आता. बस कुठली घेऊ?” तिने बसचा नंबर सांगितला, स्टॉपचं नाव सांगितलं, आणि चपला घालून ती जिना उतरली.

ती चौकात पोचली तेव्हा बस येऊन गेली होती. तो रस्त्याच्या त्या बाजूला उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात एक पिशवी, आणि माणसांच्या त्या वाहत्या गर्दीत तो तिला आठवत होता त्यापेक्षा बारीक दिसत होता. तिने घाईघाईने स्वतःला विचारलं, हा तोच का? आणि उत्तराची वाट न बघता ती बघत राहिली. तो किल्ल्या बनवणाऱ्याला पत्ता विचारत होता. किल्लीवाल्याने अख्खा हात लांब करून त्याला अगदी विरुद्ध दिशा दाखवली. त्याने वाकून, मनापासून आभार मानले, आणि तो ठाम पावलं टाकत चुकीच्या रस्त्याला लागला. सिग्नल लाल व्हायचा होता. गाड्या थांबत नव्हत्या. हाक मारायला हवी होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण याला कधी हाकच मारलेली नाही. रोपवाटिकेत ती वेळच यायची नाही. ती जायची, तो तिथेच असायचा. नावाने ओरडावं तर इथे औषधवाला बघत होता, शिंपी बघत होता, तिला लहानपणापासून ओळखणारा हा रस्ता. तिने तोंडापाशी हात धरला.

“अहो,” ती ओरडली.

चौकातल्या तिघांनी वळून बघितलं. औषधवाला, हेल्मेट काढत असलेला एक गृहस्थ आणि खुद्द किल्लीवाला. तो एकटा सोडून. त्याला आयुष्यात कुणी ‘अहो’ म्हणून हाक मारली नव्हती. तो आपल्याच नादात पुढे चालला होता, दुकानांच्या पाट्या वाचत. तेवढ्यात सिग्नल पडला. ती हात दाखवत गाड्यांमधून रस्ता ओलांडून गेली, अर्धवट धावत, चपलेचा पट्टा सुटलेला, आणि तिने त्याचं कोपर मागून धरलं. तो दचकून वळला. बोटांच्या पेरांत माती होती, इस्त्रीच्या बाहीच्या खाली, आणि चेहरा उन्हाने आणि काळजीने लाल झाला होता.

“ते ‘अहो’ मला होतं?” त्याने विचारलं. “ऐकलं मी. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला.”

“तुलाच होतं.”

“मग पुन्हा हाक मार की,” तो म्हणाला. “या वेळी लक्ष ठेवतो.”

माणसं दोन्ही बाजूंनी वळसा घालून चालली होती. तिने कोपर सोडलं नाही. अगदी हाताच्या अंतरावरून, साध्या आवाजात, तिने पुन्हा हाक मारली.

“ओ,” तो म्हणाला.